तुमच्या वतीने म्हटलेलं 'हो'

तुम्हाला काय म्हणून हाक मारायची, हेच मला माहीत नाही. बावीस वर्षं एका घरात राहिलो, एका चुलीवरचं खाल्लं, आणि मी तुम्हाला एकदाही हाक मारली नाही. तुम्ही माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आपल्याकडे भावसुनेनं भासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्या अंगाला हात लागू द्यायचा नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बाईंनी, तुमच्या बायकोनं, मला चुलीपुढे बसवून हे सांगितलं आणि मी मान डोलावली. एकोणीस वर्षांची होते. नियम सोपा वाटला होता.

तुमची तेरवी होऊन आज तीन दिवस झाले. मांडव सुटला, पाहुणे गेले, स्वयंपाकाचे मोठे गंज ज्याचे त्याला परत गेले. तुमचा भाऊ धान चुरायला मळणीच्या मशीनवर गेला आहे. घरात मी एकटी आहे आणि तुमच्या नाटकाच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहिते आहे. मला तुम्हाला एकच गोष्ट विचारायची आहे. तिचं उत्तर तुमच्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही. पण आधी सगळं सांगू द्या. तुमच्याशी बोलायची सवय नाही, एकदम त्या गोष्टीवर येता येत नाही मला.

तसं आपण बोलत नव्हतो असं नाही. बाई होत्या तोवर त्यांच्यामार्फत चालायचं. तुम्ही छपरीत जेवायला बसून म्हणायचे, तिले सांग, भाजीत मीठ नाई. मी चार हातांवर चुलीपाशीच असायची, सगळं ऐकलेलं असायचं, तरी बाई माझ्याकडे वळून म्हणायच्या, ते म्हणतेत, मीठ नाई. मग मी म्हणायची, त्याईले सांगा, काल जास्त झालं होतं, म्हणून आज कमी टाकलं. बाई तेही इमानानं पोहोचवायच्या. तुम्ही हसू दाबायचे ते मला पदराच्या फटीतून दिसायचं. चार वर्षांपूर्वी बाई गेल्या आणि आपली दोघांची जीभच गेली. मग तुम्ही गाईशी बोलायला लागलात. आज कोणी चहा ठेवन का नाई व माय, असं गोठ्यात उभं राहून विचारायचे. मी भिंतीला सांगायची, ठेवलाय म्हणून. त्या गाईला आपल्या घरातलं जितकं ठाऊक आहे तितकं तुमच्या भावालाही नसेल.

आपलं भांडणही असंच झालं, आडून. गावात सरकारी आरोग्य खात्याची आशा नेमायची होती. बारावी झालेली सून अख्ख्या गावात मी एकटी. ग्रामपंचायतीतून निरोप आला तेव्हा मला रात्रभर झोप आली नव्हती. तुम्ही बाईंना म्हणालात, "परक्या माणसाईची दुखनी विचारत गावभर फिरन का आता ते? काई गरज नाई." मी बाईंना म्हटलं, त्याईले सांगा, दुखणं विचारल्यानं कोणाचं नाक कापल्या जात नाई. बाईंनी हे पोहोचवलं की गिळलं, मला माहीत नाही. तुमच्या भावानं जन्मात कधी तुमच्यापुढे ब्र काढलेला नाही, तो त्या दिवशी काय काढणार. दुसऱ्या मोहल्ल्यातली एक जण नेमली गेली. ती अजूनही आपल्या दारावरून जाते तेव्हा मी आत जाते.

त्या गोष्टीला चौदा वर्षं झाली. चौदा वर्षं मी तुमचं ताट जरा आपटूनच ठेवलं. तुम्हालाही ते कळत होतं, कारण गाईला तुम्ही कधीतरी म्हणायचे, भांडे फुटतीन एखाद्या दिवशी. आणि मागच्या वर्षी माझ्या लेकीला नर्सिंगला नागपूरला घालायचं कुणी ठरवलं? तुम्हीच. तेही गाईला सांगून. पोरगी आनंदानं नाचली, आणि मी परसात जाऊन रडले. लेकीसाठी रडते आहे असं सगळ्यांना वाटलं. मी स्वतःसाठी रडत होते. माझ्या वेळी काय झालं होतं, एवढं एकदा तुम्हाला तोंडावर विचारायचं होतं.

पण मी एकतर्फी लिहिते आहे. हीच लेक पोटात असताना माझं अंगावरून जायला लागलं होतं आणि नाल्याला पूर होता, ते मी विसरलेली नाही. सगळ्यांनी मिळून मला खाटेवरून नाल्यापलीकडे नेलं. पलीकडे उपकेंद्रातल्या नर्सनं सलाईन लावलं आणि म्हणाली, सिंदेवाहीपर्यंत कोणीतरी बाटली वर धरून ठेवा. जीपमध्ये बायका दाटीवाटीनं बसलेल्या, पुरुषाला जागाच नव्हती. तुम्ही मागच्या पायरीवर उभे राहिलात. तोंड बाहेर जंगलाकडे, आणि एक हात आत, बाटली धरलेला. एवढ्या खाचखळग्यांतून तुम्ही एकदाही मान आत वळवली नाहीत. मी अर्धवट शुद्धीत होते, पण तो हात मला दिसत होता. सिंदेवाहीला उतरलो तेव्हा तो हात तुम्हाला खाली करता येईना, असं बाईंनी मला नंतर सांगितलं. मी कधी तुम्हाला त्याबद्दल काही म्हटलं नाही. कशी म्हणणार होते?

आता दवाखान्याचं.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाच्या तालमी चालू होत्या. तुम्ही नेहमीसारखे पडद्याच्या बाजूला वही घेऊन बसायचे, प्राम्टर म्हणून. घरात ज्या माणसाचा आवाज ऐकायला गाय व्हावं लागायचं, तो माणूस तिथं राजाचंही बोलायचा आणि राणीचंही. नट नुसते तोंड हलवतात आणि बोलतात आपले भासरे, असं मी बाईंना म्हणायची. त्या तालमींतच तुमचं पोट फुगायला लागलं. तुम्ही सोडा प्यालात, हिंग लावलात, सुपारी-तंबाखूचा खर्रा खाल्ला की मोकळं होते म्हणून दोन पुड्या खर्रा खाल्लात. दोन दिवस झाडा नाही, वारा नाही, आणि तिसऱ्या दिवशी उलटीला घाण वास. सिंदेवाहीहून चंद्रपूर. डॉक्टरांनी सांगितलं, आतड्याला पीळ पडलाय, तेवढा तुकडा काळा पडलाय, तो काढून दोन टोकं जोडावी लागतील. ऑपरेशन झालं. तुम्ही त्यातून उठलात. डॉक्टरांनीच म्हटलं, वयाच्या मानानं काटक आहेत.

मग ते थांबणं सुरू झालं. सिस्टर तरुण होती, पण समजावून सांगायची. पोट उघडलं की आतडी रुसतात, म्हणाली, काही दिवस हलतच नाहीत. ती पुन्हा हलायला लागेपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही. नाकातून पोटात नळी होती, तिच्यातून हिरवट पाणी पिशवीत यायचं. त्यांना उठवा, चालवा, असं तिनं बजावलं. आणि च्युइंगम चघळायला द्या, आतड्याला वाटतं जेवण येतंय, ते जागं होतं. मुख्य म्हणजे वारा सरला की लगेच सांगा, तीच खूण, त्यानंतरच पाणी आणि मग पेज.

तुमच्या भावानं ऐकून घेतलं आणि तुमच्या कानाशी वाकला. "दादा, इतके शिकले आन् हे डॉक्टर लोक तुह्या पादाची वाट पाहून राह्यले."

तुम्ही हसलात आणि टाके दुखले म्हणून पोट धरलंत. मीही पदरात हसले. त्या दवाखान्यातलं तेवढंच हसणं.

च्युइंगमवरून तुमची फार कुरकुर होती. चाळीस वर्षं खर्रा चघळलेल्या तोंडाला ते गोड रबर. तुम्ही ते दाढेखाली धरून खिडकीकडे तोंड करून बसायचे, आणि आपल्याला फसवणूक झालेली कळली आहे असा चेहरा असायचा. आतड्याला फसवता येतं, तुम्हाला नाही. लेकीला कळवू नका, तिची परीक्षा आहे, हा तुमचाच हुकूम होता, म्हणून तीही नव्हती.

तिसऱ्या दिवशी आभाळ आलं. आपलं धान कापून शेतातल्या बांधीत पसरलेलं होतं. तुम्ही खिडकीतून ढग पाहिले आणि भावाला म्हणालात, जा, भारे बांधून पुंजणं रच, धान भिजन. तो म्हणाला, तुले सोडून कसा जाऊ? तुम्ही म्हणालात, मी का पळून जाऊन राह्यलो? हे आहे ना. हे, म्हणजे मी. बोट माझ्याकडे केलं नाहीत, डोळेही नाही, नुसती हनुवटी जराशी माझ्या बाजूला. तो गेला. आपल्या गावात फोन लागत नाही. टेकडीवर चढावं लागतं, आणि भारे बांधणारा माणूस टेकडीवर कशाला चढतो.

आणि मी तुमच्यासोबत उरले. तुमच्यासोबत एकटी, आयुष्यात पहिल्यांदा.

शमीमबी नसत्या तर तिसऱ्या दिवशीच सगळं फसलं असतं. पलीकडच्या खाटेवर त्यांचा नवरा होता, बल्लारपूरचा शिंपी, त्याचंही पोटाचंच ऑपरेशन. त्या बाईला कसलीच भीड नव्हती. नवऱ्याला तर विचारायच्याच, वळून तुम्हालाही विचारायच्या, "क्या मामू, हवा गई क्या?" पहिल्यांदा तुम्ही कानापर्यंत लाल झालात. दुसऱ्यांदा म्हणालात, नाई व माय. त्या माझ्याकडे पाहून सांगायच्या, नहीं बोलते. मी सिस्टरला सांगायची, नाही म्हणतात. दोन हातांच्या अंतरात तिघांची साखळी. सिस्टर हसायची आणि कागदावर लिहायची. बाई गेल्यापासून पहिल्यांदाच आपलं बोलणं नीट चालू झालं होतं, आणि मला खरंच हलकं वाटलं होतं.

चालायलाही तुम्ही त्यामुळेच तयार झालात. हात धरून चालवा, असं सिस्टर म्हणायची. मी कसला हात धरणार? तुम्ही भिंतीला धरून पुढे, मी सलाईनची बाटली वर धरून मागे, नळी पुरेल तेवढं अंतर राखून. वॉर्डातले लोक पाहायचे. मला त्या जीपची आठवण येत होती, तुमचा तो हात. तुम्हालाही येत असेल का? दाराशी पोहोचल्यावर तुम्ही थांबायचे, मागे न वळता जरा मान हलवायचे, म्हणजे परत फिरू. एकदा माझा हात भरून आला आणि बाटली खाली आली, नळीत रक्त दिसायला लागलं. तुम्ही ते पाहिलंत आणि काही न बोलता खाटेशी परत आलात. त्या दिवशी पुन्हा चालायचं म्हटलं नाहीत. माझ्या हाताला त्रास नको म्हणून. तुम्ही चालायला हवं होतं. मला सांगता आलं नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी शमीमबीच्या नवऱ्याला सुट्टी मिळाली. सामान बांधून झाल्यावर त्या तुमच्या खाटेशी गेल्या, दुवा दिली, तुम्ही काहीतरी बोललात. मग माझ्याकडे येऊन माझ्या कानाशी एक गोष्ट सांगून गेल्या. ती पुढे लिहिते. आत्ता नाही लिहवत.

पाचव्या दिवशी सकाळी तुम्ही एकटे संडासात जाऊन आलात, बाटली स्वतःच एका हातानं वर धरून. बराच वेळ लागला. परत आलात तेव्हा चेहरा मला मोकळा वाटला. वाटला, एवढंच मी आजही शपथेवर सांगू शकते. थोड्या वेळानं मोठे डॉक्टर आले, मागे पाच-सहा शिकाऊ पोरं-पोरी, सिस्टर. डॉक्टरांनी तुमच्या पोटाला नळी लावून ऐकलं, म्हणाले, थोडं थोडं वाजतंय. मग मोठ्यानं विचारलं, "काका, वारा सरला का?"

तुम्ही छताकडे पाहिलंत. एक शिकाऊ पोरगी तुमच्याकडे बघत होती, आपल्या लेकीच्या वयाची. त्यांनी परत विचारलं. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. सिस्टर माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगा ताई, सरला ना? तुम्ही सोबत असता."

सगळ्यांचे डोळे माझ्यावर आले. मला तुम्हाला विचारायचं होतं. तीन शब्दांचा प्रश्न. वॉर्डात आठ खाटा, त्यांचे नातेवाईक, हे सगळे डॉक्टर, आणि त्या सगळ्यांसमोर भावसुनेनं भासऱ्याला म्हणायचं, वारा सरला का. तुमची मान मला दिसत होती, भिंतीकडे वळलेली, मानेवरची शीर उडत होती. तुमची ही फजिती एकदाची संपावी, एवढंच माझ्या मनात होतं.

मी म्हटलं, "हो."

"किती वेळा?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोनदा."

हे दोनदा कुठून आलं? 'हो'चं कारण मला सांगता येतं. तुमचा चेहरा मोकळा वाटला, तुमची लाज पाहवेना, कारणं आहेत. पण दोनदा? मला वाटतं एकदा म्हटलं असतं तर खोटं वाटलं असतं. म्हणून मी ते खरं वाटेल असं केलं. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांना ओळी पुरवल्यात, पण लिहिलेल्या. मी तुमच्या तोंडी न लिहिलेली ओळ घातली, आणि तुम्ही नाही म्हटलं नाहीत. मान वळवून माझ्याकडे पाहिलंत. तेवढंच. त्या नजरेत काय होतं ते मी वीस दिवस उलटंसुलटं करून पाहते आहे. बरं केलंस, असं होतं का? की हे काय केलंस?

नाकातली नळी निघाली. तुम्ही किती हायसं वाटून नाक चोळलंत. पाण्याचे घोट दिले, ते राहिले. दुपारी पेज आली. आपल्याच भाताची म्हणावी अशी, पातळ, मीठ घातलेली. तुम्ही डोळे मिटून अर्धा पेला प्यालात आणि पेला माझ्या बाजूला जरा सरकवलात, मीठ बरोबर आहे असा. मी खिडकीला म्हटलं, संध्याकाळी अजून देतील. मला इतका आनंद झाला होता की मी बाहेर जाऊन चहा प्याले, बिस्किटाचा पुडा घेतला. तो पुडा अजून माझ्या पिशवीत तसाच पडला आहे.

दुपारनंतर तुम्हाला उचक्या लागल्या. पोट पुन्हा ताठ दिसत होतं, चादरीवरून कळत होतं. दुखतं का, हे विचारायला काय लागतं? मी दोन वेळा सिस्टरकडे गेले, म्हटलं, उचक्या आहेत. तिनं येऊन पाहिलं, तुम्हाला विचारलं, दुखतं का काका? तुम्ही म्हणालात, नाई. मला तेव्हाही वाटलं, सांगावं तिला की मघाशी मी जे बोलले ते मला ठाऊक नव्हतं. नाही सांगितलं. आता सांगितलं तर काय म्हणतील, याची भीती वाटली. तुमच्या जिवाची नाही वाटली, माझ्या फजितीची वाटली. हे लिहायला बसले आहे ते हेच लिहायला.

उलटी झाली तेव्हा अजून उजेड होता. तुम्ही आडवेच होतात, आणि ती हिरवी उलटी तोंडातून आणि नाकातून एकदम आली, श्वास अडकला. मी धावले आणि तुम्हाला धरलं. दोन्ही हातांनी, पाठीशी, छातीशी, डोक्यावरचा पदर कुठं गेला मला माहीत नाही. केवढेसे झाला होतात तुम्ही. बरगड्या हाताला लागत होत्या. मी सिस्टर, सिस्टर म्हणून ओरडत होते. श्वास जरा मिळाला तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि बोललात. गाईशी नाही, भिंतीशी नाही.

"सोड माय. लुगडं खराब होईन."

एवढंच तुम्ही बावीस वर्षांत मला थेट बोललात. आणि मी उत्तर दिलं नाही. त्याही वेळी दिलं नाही. मी सिस्टरलाच हाक मारत राहिले.

पुढचं तुम्हाला माहीत नसेल. तुम्हाला आत नेलं, पुन्हा पोट उघडलं. जोडलेली जागा सुटली होती आणि उलटीचं पाणी छातीत गेलं होतं. कागदावर सही करताना रुग्णाशी नातं असं लिहिलेलं होतं. मी पेन धरून उभी राहिले. मग सून असं लिहिलं. तीन दिवस तुम्ही श्वासाच्या मशीनवर होतात. तुमचा भाऊ चिखलाच्या पायांनी आला, धान वाचलं होतं. आठव्या दिवशी तुम्ही गेलात.

डॉक्टरांनी त्याला बसवून समजावलं. अशी जोड कधीकधी सुटते, म्हणाले, काळा पडलेला तुकडा होता, वय होतं, कोणाचा दोष नाही. मी दाराशी उभी होते. मी विचारलं, पेज दिली नसती तर? ते म्हणाले, सांगता येत नाही ताई, पेजेमुळे सुटली असं नाही. पण नळी तशीच राहिली असती तर पोट फुगतंय हे लवकर कळलं असतं, उलटी छातीत गेली नसती कदाचित. कदाचित. मग ते माझ्याकडे पाहून चांगुलपणानं म्हणाले, पण तुम्हीच सांगितलं होतंत ना, वारा सरला होता, मग तेव्हा नळी काढणं बरोबरच होतं. तुमच्या भावानं मान हलवली. मीही हलवली.

तेरवीला अख्खा गाव आला. नाटकातली माणसं आली, या वर्षी तुमच्याशिवाय नाटक उभं कसं करायचं म्हणून रडली. आणि बायका माझा हात धरून सांगत होत्या, तू लेकीवानी केलं व, भासऱ्याचं इतकं कोणती सून करते. तुमचा भाऊ चारचौघांत म्हणाला, दादाचं शेवटचं इनंच केलं, मी तं धानातच होतो. त्याला वाटतं आपण नव्हतो म्हणून तुम्ही गेलात. तो रात्री उठून बसतो. मी त्याला सांगितलं तर तो स्वतःला सोडेल आणि मला धरेल. धरू दे. पण तेही मी अजून सांगितलेलं नाही. ती दुसऱ्या मोहल्ल्यातली आशाही आली होती. ती म्हणाली, ताई, तुम्ही होत्या म्हणून बरं, आपल्या माणसाला विचारता तरी येते. मी भात वाढायला उठले.

आता ती राहिलेली गोष्ट.

शमीमबी जाताना माझ्या कानाशी काय म्हणाल्या ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्या म्हणाल्या, "मामू बोल रहे, उसको बोलो, सीधा मेरेकोच पूछना. मैं कोई शेर थोडी हूँ." आणि हसत माझा गाल धरून गेल्या.

तुम्ही परवानगी दिली होती. चौथ्या दिवशी संध्याकाळीच. इतक्या वर्षांचा नियम तुम्हीच मोडून माझ्या हातात ठेवला होता, कारण उद्या मधलं कुणी उरणार नव्हतं हे तुम्हाला कळलं होतं. डॉक्टरांच्या घोळक्यापुढे तुमची जीभ अडकली असेल, पण मी विचारावं यासाठी तुम्ही वाट मोकळी केली होती. पूर्ण संध्याकाळ होती माझ्याकडे. दुसरी सकाळ होती. तुम्ही संडासातून परत आलात तेव्हा खाटेशी दोघंच होतो आपण, डॉक्टर यायला वेळ होता. तुम्ही खाटेवर टेकून माझ्या बाजूला हनुवटी केली होती, जरा वेळ तशीच ठेवली होती. मी बाटली नीट लावण्यात गुंतले असं दाखवलं.

का, ते सांगते. लाज होती, नाही असं नाही. पण तो निरोप ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? आता? चौदा वर्षांनी? परक्यांची दुखणी विचारायची नव्हती ना मी, मग आता तुमचं काऊन विचारू? असं आलं. राहू दे थोडं, म्हटलं, वाट पाहू दे. एक दिवस. एकच दिवस मी तुम्हाला वाट पाहायला लावणार होते, आणि मग विचारणार होते, खरंच विचारणार होते. ताट आपटण्याइतकाच राग होता तो, त्याहून जास्त नव्हता. त्यानं माणूस मरतं हे मला माहीत नव्हतं.

काल लेक नागपूरला परत गेली. जाताना तिनं मला विचारलं, आई, मोठ्या बाबांचा वारा खरंच सरला होता ना? मी म्हटलं, हो. पुन्हा. ती वहीत काही लिहीत होती, तिनं दोनदा विचारलं नाही.

आज सकाळी तुमचा भाऊ गेल्यावर मी छपरीत आले. तुमच्या खाटेवर कुणी बसत नाही. मी बसले. पदर घेतला नाही. गाय गोठ्यातून बघत होती, तिला मी म्हटलं, तू ऐकू नको. संध्याकाळी तो आला की त्याला सांगणार आहे, हे सगळं, हो आणि दोनदा आणि शमीमबीचा निरोप. ही पानं त्याच्या हातात देईन, तोंडानं जमलं नाही तर. पण त्याच्याआधी तुम्हाला विचारायचं आहे, कारण तुम्हीच सांगितलं होतं, थेट मलेच विचार. समोर वहाणा आहेत तुमच्या, त्यांच्याकडे पाहून विचारते, दुसरीकडे कुठे पाहू कळत नाही.

दादाजी, त्या दिवशी सकाळी वारा सरला होता का?